गॅस्केट गेलं म्हणे!

मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो होतो. गाव म्हणजे चंदगड तालुका. जिल्हा कोल्हापूर, पण आम्हाला बेळगावच जवळ. भात, काजू आणि ऊस. काकांचा ऊस ताम्रपर्णीच्या काठाला आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते, त्यामुळे पाच हॉर्सपॉवरचं एक जुनं डिझेल इंजिन त्यांनी अजून सांभाळून ठेवलंय. सिंगल सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, शेजारी पाण्याचा ड्रम.

ते इंजिन नेमकं उन्हाळ्यात रुसलं. हँडल मारून मारून चुलतभावाचे हात भरून आले. सुरू झालं तरी दम नाही, आणि अर्ध्या तासात ड्रममध्ये बुडबुडे! ऊस सुकायला लागलेला. एका गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं होतं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलायला लागणार. तीन-चार हजार धरा."

मी पडलो इंजिनियर. कॉलेजात पहिल्या वर्षाला डिझेल सायकलची आकृती घोकलेली. मीही ठणकावून सांगितलं, "काका, बरोबर आहे. कॉम्प्रेशन कमी आणि पाण्यात गॅस, म्हणजे गॅस्केटच."

थिअरी म्हणून ते चूक नव्हतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सिलिंडर आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट फुटलं तर दाब निसटतो, इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, आणि तो गॅस पाण्याच्या वाटेत शिरला की बुडबुडे येतात. दोन्ही लक्षणं जुळत होती. केस क्लोज्ड!

तरी काकांनी पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. आधी विचारलं, "बुडबुडं कवा येत्यात? गार असताना का तापल्यावर?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

गार इंजिन कसंबसं सुरू केलं. पाच मिनिटं आम्ही सगळे ड्रममध्ये डोकावून उभे. एक बुडबुडा नाही. गॅस्केटमधून गॅस पाण्यात येत असता, तर तो पाणी गार असतानाही आला असता. म्हणजे आमचे बुडबुडे गॅसचे नव्हतेच, पाणी उकळत होतं. का? ड्रममधलं पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेलं होतं. अशा इंजिनाला पाणी फिरवायला वेगळा पंप नसतो. गरम पाणी हलकं होऊन वरच्या नळीने ड्रममध्ये जातं आणि गार पाणी खालून येतं. वरची नळी उघडी पडली की ही फेरी बंद.

मग दम का नाही? मिस्त्रींनी इंजिन बंद करून हँडल सावकाश फिरवलं आणि कॉम्प्रेशनला अडवून धरलं. म्हणाले, "साहेब, कान लावा." एअर क्लीनरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा. ड्रममध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. आमच्याकडे आवाज येत होता सायलेन्सरमधून. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह! टॅपेटमध्ये फिलर गेज घालून बघितलं तर गॅपच नाही. सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप संपते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गॅप सेट केली, फुसफुस थांबली. ड्रम भरला. तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू!

म्हणजे दोन वेगळे आजार होते, आणि मी त्यांना एकाच आजाराची लक्षणं समजून बसलो होतो. ऑफिसात प्रॉडक्शनला काही पडलं की आम्ही हेच करतो, नाही का? दोन लॉग जुळवायचे, एक गोष्ट रचायची आणि सर्व्हर बदलून टाकायचा.

पण मला सांगायचंय ते पुढचंच. मिस्त्रींनी दोनशे रुपये मागितले. चुलतभाऊ कुरकुरला, "नुसता पाना फिरवायचं दोनशे?" हाच भाऊ हेड खोलायला चार हजार द्यायला तयार होता! कारण तिथे नवीन गॅस्केट दिसलं असतं, हातात घेता आलं असतं.

आपल्याकडे पार्टचे पैसे मिळतात, निदानाचे नाही. मग मेकॅनिकने हेड का खोलू नये? न खोलता बरं केलं तर त्याचंच नुकसान. आपण त्यांना 'लुटारू' म्हणतो, पण लुटायची सवय आपणच लावलीय. गॅस्केट खरंच गेलं असतं तर खोलायलाच हवं होतं. हेड सपाट आहे का बघायचं, नवीन गॅस्केट घालायचं, बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळायचे. त्याला पर्याय नाही. पण आधी खात्री करायची, मग खोलायचं. या खात्रीलाच किंमत आहे.

याच भागाला लागून, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं होतं. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९४६ साली ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. यंत्र आपल्या शेतात येऊन कित्येक पिढ्या झाल्या. यंत्र 'ऐकणाऱ्या' माणसाला फी द्यायची असते, हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

असो. मी मिस्त्रींना पाचशे दिले. त्यांनी तीनशे परत केले आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी ड्रम बघा, साहेब."

तेवढं शिकवायला माझ्या कॉलेजने चार वर्षं घेतली होती, आणि तरी राहिलंच!