निकालाची वाट पाहू नका, अर्ज करा

1 जानेवारी 2013 रोजी आपल्या सोनईत तीन दलित तरुणांचे खून झाले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली ती जानेवारी 2018 मध्ये. मध्ये पाच वर्षं गेली. ज्या घरातला कमावता माणूस जातो, त्या घरची चूल निकालासाठी थांबत नाही.

म्हणून मायबहिणींनो, भावांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सरकारी भरपाई मागायला निकाल लागावा लागत नाही. आरोपी सापडलाच नाही, तरी पीडिताला अर्ज करता येतो. कायदाच तसं सांगतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते, आणि निकड असेल तर अंतरिम मदतही मिळू शकते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2013 पासून आहे. ॲट्रॉसिटीच्या 2016 च्या सुधारित नियमांत खुनासाठी 8 लाख 25 हजार रुपयांची तरतूद झाली: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर.

घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी 2005 चा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायालयात जा. तिथली भरपाई आणि खर्च मारणाऱ्याकडून वसूल होतो. 181 वर फोन लावा. बाईला वकील मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी 15100 हा नंबर आहे.

एका पिशवीत कागद जपून ठेवा: एफआयआरची प्रत (ती फुकट मिळते, मागून घ्या), दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक. जखम असेल तर आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना खरं सांगा. ‘मोरीत पडले’ असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे तेच आडवं येतं.

ही भीक नाही. माणसाचं रक्षण करणं सरकारचं काम होतं. ते झालं नाही, म्हणून सगळ्यांच्या करातून हा पैसा द्यायचा. तो घेतला म्हणून केस मिटत नाही, आणि कुणी ‘मेलेल्याचे पैसे खाल्ले’ म्हणालं, तर त्याला गप्प करणं आपलं शेजाऱ्यांचं काम आहे.

शेजारच्या घरात असं काही घडलं असेल, तर नुसतं भेटून येऊ नका. त्या माउलीसोबत एसटीत बसा, नगरला जा, आणि अर्जाची पोच तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.