समुद्र पोटात घेतो, पण पचवत नाही



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे, पण आज लिहायला बसलो तो रागानं. शिक्षकाचा राग, सवयीनं थोडा लांबतो. सांभाळून घ्या.

मागच्या पंधरवड्यात चिपळूणहून लेकीचा फोन आला. लोट्याच्या कारखान्याबद्दल तिनं काहीतरी वाचलं होतं. म्हणाली, "अण्णा, पोरांना खाडीचे मासे द्यायचे की नाही?" त्या वेळी ओट्यावर माझ्याबरोबर आमचे एक जुने स्नेही बसले होते. त्यांनी परस्पर निकाल दिला, "बरं झालं गुरुजी, आपण माळकरी. कुठं समुद्र अन् कुठं देवगाव फाटा! आपल्याला काय त्याचं?"

आजचा लेख या 'आपल्याला काय त्याचं'साठी आहे.

आधी प्रकरण सांगतो. इटलीत विचेन्झाजवळ मिटेनी नावाचा रसायनांचा कारखाना होता. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे, आग विझवायचा फेस यांत जी 'पीफास' नावाची रसायनं लागतात, ती तिथं बनत. कार्बन आणि फ्लोरीन यांची त्यांतली गाठ इतकी पक्की की ऊन, पाणी, जंतू कोणालाच ती सुटत नाही. म्हणून जग त्यांना चिरंतन रसायनं म्हणतं. कारखान्याखालचं भूजल नासलं आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत ते पोचलं. २०१८ मध्ये कंपनी बुडाली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं ११ जणांना तुरुंगवास सुनावला. आणि यंत्रं? ती लिलावात विकली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत येऊन पोचली.

तिथं आज विष सांडतं आहे असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोलू नये हे मीच चाळीस पोरांच्या वर्गात शिकवलं. पण लोट्याचं सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जातं, आणि तिथल्या भोई मंडळींचं पोट त्या खाडीवर आहे. अशा ठिकाणी पाणी आणि मासळी आधी मोजायची, की इटलीसारखं माणसांच्या रक्तात सापडल्यावर?

आता माझी एक चूक कबूल करतो. निबंध शिकवताना मी पोरांना सांगायचो, "सागर अथांग आहे, तो सगळं पोटात घेतो." पोरं ते वाक्य लिहायची, मी लाल शाईनं 'छान' लिहायचो. समुद्र पोटात घेतो हे खरंच, पण सगळंच पचवत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत लाँग आयलंडच्या खाडीत डीडीटी मोजलं गेलं. पाण्यात ते जवळजवळ नसल्यासारखंच. पण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत दहा लाखांत ०.०४ भाग, लहान माशात ०.५, मोठ्या माशात २, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात २५! लहान मासा शेकडो जीव खातो, मोठा मासा शेकडो लहान मासे खातो. अन्न जिरतं, विष उरतं. सावकाराच्या वहीत जसं चक्रवाढ व्याज, तसं. आणि त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपलं ताट असतं. डीडीटी चरबीत साठतं, पीफास रक्तात आणि यकृतात. कढईच्या आचेनं यांतलं काही मोडत नाही.

आता माळकरी स्नेह्यांकडे वळतो. आमच्या लहानपणी मलेरियावाले येऊन घराघरात डीडीटी फवारायचे आणि भिंतीवर तारीख लिहून जायचे. त्यानं हिवतापानं मरणारी माणसं वाचली, हे मी विसरणार नाही. पण तेच डीडीटी पुढे देशभर दुधात सापडलं. दूध तर माळकरीही पितात ना? १९८९ मध्ये शेतीत त्याला बंदी आली. मग आपण कापसावर एन्डोसल्फान मारलं. मीही मारलं, सालगड्याकडून मारून घेतलं, आणि पंप ओढ्यात धुतला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा कुठे थांबलो. आपल्या भाषेचीही गंमत बघा, विषाला आपण 'औषध' म्हणतो!

तो ओढा दुधनेला मिळतो, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. समुद्र आपल्यापासून लांब आहे, पण आपण समुद्रापासून लांब नाही. शिवाय आठवडी बाजारात सुकट आणि सुके बोंबील विकायला बसतात, ते काय दुधनेत पिकतात?

काहीजण विचारतील, "मग काय कारखाने बंद करायचे?" प्रश्न मोठा चलाख आहे. मोजायचं म्हटलं की बंद करण्याची भीती घालायची! युरोपात जानेवारी २०२३ पासून मासळीत पीफास किती चालेल याची मर्यादा ठरलेली आहे. तिथले कारखाने काही त्यामुळे ओस पडले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये यांतलं एक रसायन, पीएफओए, माणसाला कर्करोग करणारं ठरवलं. एवढं कळल्यावरही न मोजणं याला अज्ञान म्हणत नाहीत, सोय म्हणतात. ज्याच्या नावावर नफा, त्याच्याच खर्चानं मोजणी व्हावी. आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. एवढंच मागणं आहे.

लेकीला मी सांगितलं, मासे बंद करू नकोस. गरिबाघरचं ते पौष्टिक अन्न आहे. मुशीसारखे मोठे शिकारी मासे कमी आण, बांगडा, मांदेली आण. पण खाडीच्या माशाचं काय, याचं उत्तर बापाकडे नाही. ते मोजल्याशिवाय कोणाकडेच नसतं. फोनवर ती थोडा वेळ गप्प होती. ते गप्प राहणं मला अजून टोचतं आहे.

असो. पटलं नाही तर भांडा, पण 'आपल्याला काय त्याचं' एवढं म्हणू नका.

चूकभूल द्यावी घ्यावी.