साचा विकत घ्यावा की घरीच करावा?

मयूर विहार फेज १ मधल्या एखाद्या डीडीए फ्लॅटमध्ये निवृत्तीनंतर कोणी सुतारकामाची हौस पुरी करायला बसले, की करवत आणि ड्रिल मशीनपाठोपाठ एक नवाच खर्च उभा राहतो. तो जिगचा. जिग म्हणजे साचा. काही सुतार त्याला फर्मा म्हणतात. भोक नेमके कुठे पडावे, करवत कोणत्या कोनात चालावी, हे हाताऐवजी त्याने ठरवायचे. परदेशी बनावटीच्या चांगल्या संचाला काही हजार रुपये मोजावे लागतात. ‘‘अहो, एका पुस्तकांच्या कपाटासाठी एवढे पैसे?’’ हा स्वयंपाकघरातून येणारा प्रश्न मग अगदी रास्त असतो.

त्या कपाटाचेच पाहावे. फळ्या वरखाली करता याव्यात म्हणून दोन्ही बाजूंना आतून भोकांच्या दोन-दोन ओळी पाडतात. एका ओळीत १२ भोके धरली तरी एकूण ४८ झाली. त्यातले एक जरी दोन मिलिमीटर वर सरकले तरी फळी डुगडुगते. एवढ्या भीतीपोटी तयार साचा घेतला जातो, आणि इथेच पैसे वाया जातात.

घरच्या घरी १२ मिमी प्लायवुडची सुमारे चार इंच रुंद पट्टी कापावी. तिच्यावर एक सरळ रेघ ओढून ३२ मिमी अंतराने खुणा कराव्यात आणि ५ मिमीच्या बिटने भोके पाडावीत. फर्निचरच्या कारखान्यांतही हीच मापे चालतात. पट्टीच्या एका टोकावर ठळक अक्षरात ‘खाली’ असे लिहावे आणि दर वेळी तेच टोक कपाटाच्या बाजूच्या खालच्या कडेशी जुळवावे. गंमत अशी, की एखादे अंतर ३२ ऐवजी ३३ मिमी झाले तरी बिघडत नाही. तीच चूक चारही ओळींत त्याच उंचीवर उतरते आणि फळी समपातळीतच बसते! बिटला टोकापासून पट्टीची जाडी अधिक १० मिमी, म्हणजे २२ मिमीवर, चिकटपट्टी गुंडाळली की १८ मिमीचे प्लाय आरपार जाण्याची भीती नाही.

साच्यासाठी साधे लाकूड मात्र घेऊ नये. दिल्लीच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत चोख बसलेली फळी ऑगस्टमध्ये फुगते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. शेजारी कुणाकडे काम चालू असेल तर सुताराकडे हवे तेवढे तुकडे मिळतात. नाहीतर मेट्रोच्या ब्लू लाइनने मयूर विहार-१ हून गाडी न बदलता कीर्तिनगरचा लाकूडबाजार गाठता येतो.

काटकोनाचा साचाही घरी होतो. फक्त गुण्या खरा हवा. तो प्लायच्या सरळ कडेला लावून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही एकावर एक आल्या नाहीत तर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

तिरके भोक पाडून स्क्रू लपवणाऱ्या सांध्याला मात्र हा न्याय लागू नाही. तिथे भोक फळीच्या पृष्ठभागाशी सुमारे १५ अंशांचा कोन करून जाते. पोलादी बिट वाटेच्या कडा सतत घासत असते; प्लायमधली वाट थोड्याच भोकांत सैल होते आणि सांधा सरकतो. बिट ज्यात घासत फिरते ती वाट पोलादीच हवी, म्हणून हा साचा विकत घ्यावा. तसा या महागड्या साच्याचा जन्मही घरगुती गरजेतलाच. अमेरिकेतील आयोवा राज्यात क्रेग सॉमरफेल्ड यांनी १९८६ मध्ये आपल्याच स्वयंपाकघराची कपाटे करताना तो बनवला. ते पेशाने हत्यारे घडवणारे कारागीर होते, धातूवर त्यांचा हात बसलेला होता. बाल्कनीत बसणाऱ्या हौशी माणसाकडे तशी सोय नसते.

तरीही मोठा संच घेण्याची घाई नको. एका किंवा दोन भोकांचा लहान साचा घरकामाला पुरतो. घेताना त्याच्यासोबत पायरीचे बिट आणि खोली ठरवणारी कडी आहे ना, एवढे पाहावे. हे बिट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही.