पर्यटकांचा माग आणि मोबाइलची साक्ष

परदेशी पर्यटकाचा मोबाइल यजमान देशात रोमिंगवर चालतो. कॉल वा संदेश कधी झाला, कोणत्या टॉवरवरून गेला आणि सिमकार्ड कोणत्या देशाचे, हे मोबाइल कंपनी बिलासाठी नोंदवतेच. एस्टोनियात तार्तू विद्यापीठाचे भूगोलज्ञ राइन आहास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निनावी नोंदींवरून पर्यटकांच्या प्रादेशिक प्रवासाचा अभ्यास केला. त्यांचे निबंध २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की, मोबाइल म्हणजे माणूस नव्हे. कोणाकडे दोन सिमकार्डे असतात, तर लहान मुलांकडे फोनच नसतो. काही पाहुणे स्थानिक सिमकार्ड विकत घेतात. हे खरे आहे. पण त्यामुळे अडते ती शिरगणती. प्रादेशिक अभ्यासाला आधी हवे असते ते पर्यटक कोठून कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या ऋतूत जातात याचे उत्तर. शिवाय जुनी साधने तरी कोठे निर्दोष आहेत? हेलसिंकीहून सुमारे ८० किलोमीटरचा समुद्र ओलांडून तालिनला येणारा आणि संध्याकाळच्या बोटीने परतणारा फिनिश प्रवासी हॉटेलच्या नोंदवहीत येत नाही. नातलगांकडे उतरणाराही येत नाही. २१ डिसेंबर २००७ रोजी एस्टोनिया शेंगेन क्षेत्रात गेल्यावर त्या क्षेत्रातल्या शेजारी देशांच्या सीमांवरची नेहमीची तपासणीही थांबली. आहास यांच्या अभ्यासात वर्दळीच्या भागांत मोबाइलच्या नोंदी मुक्कामाच्या आकडेवारीशी उत्तम जुळल्या. कमी वर्दळीच्या भागांत तितक्या जुळल्या नाहीत. यावरून पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात.

दुसरा आक्षेप टॉवरच्या पल्ल्याचा. शहरात एक टॉवर काहीशे मीटरांचा परिसर सांभाळतो, ग्रामीण भागात कित्येक किलोमीटरांचा. त्यामुळे पर्यटक नेमका कोणत्या इमारतीत होता हे सांगता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांमधली ये-जा पाहण्यास मात्र एवढी अचूकता पुरते. सीमेलगतचा फोन कधी शेजारी देशाच्या टॉवरला लागतो. अशा क्षणिक नोंदी गाळता येतात.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. नाव काढले की काम झाले, हा समर्थकांचा युक्तिवाद टिकत नाही. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात, जागा आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्यांवरून ९५ टक्के व्यक्तींचा माग इतरांपासून वेगळा काढता आला. मात्र यावरून पद्धतच त्याज्य ठरत नाही. प्रादेशिक अभ्यासाला व्यक्तीचा माग प्रसिद्ध करावाच लागत नाही. गटांचे एकत्रित तक्ते पुरतात. मूळ नोंदी बंदिस्त ठेवाव्यात आणि फार लहान गटांचे आकडे गाळावेत.

आक्षेपांची ही छाननी झाल्यावर पद्धतीचे स्थान ठरवता येते. उन्हाळ्यात किनाऱ्याकडे आणि हिवाळ्यात देशाच्या अंतर्भागाकडे झुकणारा पर्यटकांचा ओघ, एका दिवसाच्या सहली, पुन्हा पुन्हा येणारे पाहुणे हे सारे तिच्यामुळे दिसते. एस्टोनियाची मध्यवर्ती बँक प्रवाससेवांच्या आकडेवारीसाठी या नोंदी वापरते. इंडोनेशियाच्या सांख्यिकी संस्थेने २०१६ पासून सीमाभागातील परदेशी पाहुण्यांच्या मोजणीसाठी त्या वापरल्या. मात्र प्रवासाचा हेतू, खर्च आणि समाधान टॉवर सांगत नाही. त्यासाठी प्रश्नावलीच हवी. १५ जून २०१७ रोजी युरोपीय संघात रोमिंगचा अधिभार रद्द झाला. अशा बदलाने फोनचा वापर वाढतो, म्हणून त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडता येत नाहीत. म्हणून मोबाइलच्या नोंदींनी हालचालीची दिशा आणि क्रम दाखवावा, पाहणीने संख्या व कारणे तपासावीत, हीच विभागणी योग्य ठरते.