क्षमेची उधारी

मुलगा पहाटेच्या गाडीने उन्हाळी शिबिराला गेला. थोड्याच वेळात नळाला पाणी आले. माडीवरील उघडी तोटी वाहत राहिली आणि खालच्या दुकानातील कापडाचे तागे भिजले. वडिलांनी दुकानातील माणसांदेखत कामाच्या मावशींना खडसावले. त्या दिवसापासून मावशी मुकाट्याने काम करून जाऊ लागल्या.

दहा दिवसांनी मुलगा परतला. जेवताना हा प्रसंग कानी पडताच त्याचा घास हातातच राहिला.

“पप्पा, तोटी मीच उघडली होती. रात्री पाणी नव्हते; बंद करायचे राहून गेले.”

वडील क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “संवत्सरीला सर्वांची क्षमा मागतोच, तेव्हा मावशींचीही मागू.”

आजी शांतपणे म्हणाल्या, “बेटा, अपमान रोखीने केलास, मग क्षमा उधारीवर का?”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच, त्याच माणसांसमोर पितापुत्रांनी हात जोडले. “मावशी, मिच्छामि दुक्कडं.”

मावशींनी पदराने डोळे टिपले. “तागे भिजले तेव्हा मलाही वाईट वाटले होते, शेठ.”

संवत्सरी वर्षातून एकदाच येते. चूक मात्र कोणत्याही दिवशी घडते. तिचा हिशोब त्याच दिवशी मिटवावा.