बन्नीमंटपातली शाई

१५ जानेवारी २०२६ला महाराष्ट्रात २९ महापालिकांचं मतदान झालं आणि दुपारपर्यंत माझा फोन बोटांच्या फोटोंनी भरून गेला. आधी शाई लावलेली बोटं, मग तीच बोटं नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून कोरी केलेली. केंद्रांवर बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेन होते. २०११ पासून स्थानिक निवडणुकांत तेच वापरत होते, मतदार यादीत खूण होतेच, त्यामुळे दोनदा मत देता येत नाही, असा खुलासा आला. तो पटण्यासारखा आहे. तरी मी चिडले. चिडणारच, खरी शाई माझ्या गावची, म्हैसूरची आहे.

बन्नीमंटप हा म्हैसूरचाच एक भाग. दसऱ्याची हत्तींची मिरवणूक जिथे संपते, जिथे बन्नीची, म्हणजे आपल्या शमीची, पूजा होते, त्याच भागात महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९३७ साली सुरू केलेला रंगाचा कारखाना आहे. १९६२ पासून देशभरच्या बोटांवरची शाई तिथूनच जाते. २०२४च्या लोकसभेला सुमारे २६ लाख बाटल्या गेल्या. दहा मिलिलिटरची एक बाटली साधारण सातशे माणसांना पुरते.

आता या बाटलीशेजारी आपला प्रचार ठेवून बघा. ‘बटेंगे तो कटेंगे’ ऐकून झालं. समोरच्या बाजूने, या वेळी चुकलात तर यापुढे निवडणुकाच होणार नाहीत, हेही ऐकलं. मुंबईत या वेळच्या प्रचारात मराठी माणसासाठी ही शेवटची निवडणूक असल्याचं सांगितलं गेलं. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण प्रत्येकाच्या तोंडी ‘शेवटची’ हा शब्द. लोकसभेनंतर सहा महिन्यांत विधानसभा झाली, मग महापालिका झाल्या. एवढ्या वेळा शेवट झालेला देश पुन्हा रांगेत उभा राहतो, याचं कौतुक एकाही सभेत ऐकलं नाही.

शाईत ‘शेवटची’ हा शब्दच नाही. लावताना ती जांभळी दिसते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या मिठाशी मिळतं, उजेड लागला की काळं पडतं. साबण, तेल, दगड, कशालाच दाद देत नाही. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा मात्र नखाबरोबर पुढे सरकत राहतो. मुळाशी कोरी चंद्रकोर दिसायला लागते आणि काही आठवड्यांनी डाग नेलकटरखाली येतो. बोट पुन्हा कोरं, पुढच्या वेळेसाठी तयार. पुढची वेळ येणार, हे ज्यांनी गृहीत धरलं त्यांनी बनवलेली ही वस्तू आहे. माणसं सगळी सज्जन असतात असंही त्यांनी मानलं नाही, कुणीतरी दोनदा येईल हे ओळखूनच शाई केली. लबाडी धरून चालायची आणि तरीही दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, यावर माझा जीव आहे.

१९६१च्या निवडणूक नियमांत एक तरतूद आहे. शाई डाव्या तर्जनीला लावायची. ती नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला. तीही नसतील तर उजव्या हाताच्या. दोन्ही हातांना बोटंच नसतील तर हाताचा जो शेवट उरला असेल, त्याला. कुठल्यातरी कचेरीत बसून कुणीतरी दोन्ही पंजे गमावलेला मतदार डोळ्यांसमोर आणला आणि त्याचीही सोय लिहून ठेवली. माझ्या देशाबद्दल मला कुणी विचारलं तर मी आधी हा नियम दाखवीन.

भीतीला काहीच आधार नाही, असं मी म्हणत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं तिथे निवडून आलेला एकही माणूस नव्हता. नगरसेवक नाही, सभागृह नाही, नळाला पाणी नसेल तर कुणाच्या दारात जायचं ते माहीत नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, तेव्हा कुठे चक्रं हलली. घाबरायचं तर याला घाबरायला हवं होतं. एका मोठ्या शहराचं मत चार वर्षं थांबलं, त्यावर एवढ्या आवाजात कुणी बोललं नाही.

आणि माझं नेहमीचं म्हणणं पुन्हा सांगते: टेबलामागे बसून शाई लावणाऱ्या शिक्षिका आणि कारकून मंडळी हा देश चालवतात, भाषणं करणारे नाहीत. याला माझ्याकडे पुरावा नाही. माझी तशी खात्री आहे.

इकडे संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, भाजलेली हरभऱ्याची डाळ. ‘एळ्ळु बेल्ल खा आणि चांगलं बोला’ असं कानडीत म्हणतात, आपल्यासारखंच. पुडी बांधता बांधता दादरच्या मावशीला फोन लावला. वय ८१, जिना उतरून, रांगेत उभी राहून मत देऊन आलेली.

‘मावशी, तुझी पुसली का गं शाई? बघितलंस का घासून?’

‘महापालिकेची नऊ वर्षांनी लागलीय,’ ती म्हणाली, ‘मी कशाला पुसू?’