पाचशे तासांची उमेदवारी

बारावी शास्त्र झालेली आपल्यातील काही मुले-मुली दरवर्षी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेकडे वळतात. दोन वर्षांचे शिक्षण, पुढे नोकरी किंवा स्वतःचे दुकान, असा सरळ हिशेब घरोघरी मांडला जातो. या हिशेबातून एक आकडा बहुधा निसटतो. १९९१ च्या शिक्षणविषयक नियमांनी, आणि पुढे २०२० च्या नियमांनीही, पदविकेसाठी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक ठरविले आहे. ते किमान तीन महिन्यांत व्हावयाचे असून त्यांतले निदान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यातच गेले पाहिजेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदलेल्या फार्मासिस्टलाच दिला आहे; त्या अधिकाराची ही उमेदवारी होय.

कागदावर हे सारे चोख आहे. प्रत्यक्षात ओळखीच्या दुकानदाराकडून दाखला लिहून आणला जातो आणि चिरंजीव ते तीन महिने घरीच असतात. ‘एवढे काय शिकायचे आहे त्यात?’ असे म्हणणाऱ्यांत वडीलमंडळीच पुढे असतात, हे सांगताना संकोच वाटतो. पण ते खरे आहे. काही जण मुलाला आपल्या इंदूरच्या दवाबाजारात एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवितात. तेथे औषधांची नावे पाठ होतात, कंपन्या कळतात, मालाची ने-आण समजते. पण रोगी तेथे नसतो, आणि ज्याच्यासाठी हे तास राखून ठेवले तो तर रोगीच.

शिकायचे काय आहे, ते एका उदाहरणावरून पाहावे. इन्सुलिनच्या काही औषधांत दर मिलिलिटरला ४० एकके असतात, काहींत १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० एककांचे औषध ४० च्या सिरिंजने भरले, तर आकडा बरोबर वाचूनही रोग्याच्या अंगात अडीचपट मात्रा जाते आणि रक्तातील साखर झपाट्याने उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. पुस्तकात हे एका ओळीत असते. गर्दीच्या वेळी दोन्ही वस्तू हातात असताना टोपणाचा रंग पाहण्याची सवय मात्र शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाच्या धाकानेच लागते. मेथोट्रेक्सेटचेही असेच आहे. संधिवाताच्या काही रोग्यांना ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून वार कोणता हे रोग्याकडून वदवून घ्यावे आणि तो पाकिटावर लिहून द्यावा.

औषधांच्या नावांतील साम्य हा आणखी एक सापळा. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन मलेरियाच्या औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ च्या त्या निकालात, औषधांच्या बाबतीत नावाचा घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणून इतर मालापेक्षा येथे अधिक कडक कसोटी लावावी, असा विचार मांडला गेला. न्यायाधीशांनी जे विस्ताराने सांगितले, तेच नवशिक्याला रोज काउंटरवर दहा वेळा पाळावे लागते.

आपल्या मुलांजवळ या कामी एक पुंजी असते आणि तिचे मोल कोणी करीत नाही. चिठ्ठी इंग्रजीत, समोरचा माणूस हिंदी किंवा माळवी बोलणारा, आणि आपल्या घरी मराठी. ‘अनशापोटी’ म्हणजे नेमके काय हे आजीकडून कळलेल्या मुलीला ‘खाली पेट’ समजावून देणे जड जात नाही. चहा-बिस्किटांनंतरही पोट रिकामेच असते, असा समज मात्र तिला हसतमुखाने दूर करावा लागतो.

नोंदणी झाली म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. २०१५ च्या नियमांनी पाच वर्षांत एकेका दिवसाचे किमान दोन उजळणीवर्ग नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ठरविले. पाच वर्षांत दोन दिवस! नवी औषधे ज्या वेगाने येतात तो पाहता हे फार थोडे आहे, असे माझे मत आहे. तरुणांनी एक साधी वही ठेवावी; न समजलेली चिठ्ठी, डॉक्टरांना विचारलेली शंका आणि मिळालेले उत्तर तीत टिपावे.

मुलाला उमेदवारीस पाठविण्यापूर्वी पालकांनी स्वतः त्या दुकानात जाऊन थोडा वेळ उभे राहावे. नोंदलेला फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो की भिंतीवर नुसते त्याचे प्रमाणपत्र टांगलेले असते, हे पाहावे. ‘एच-१’ परिशिष्टातील औषधांची नोंदवही रोज भरली जाते का, आणि इन्सुलिनच्या शीतकपाटात थर्मामीटर आहे की मालकांचा डबा, हेही मोकळेपणाने विचारावे. चांगला दुकानदार रागावणार नाही. उलट मुलाला कधीपासून पाठविता, असे विचारील.